रायव्हल म्हणजे पाटशेजारी

भारत-पाकिस्तान मॅच संपून तास झाला तरी कट्ट्यावरचा वाद संपेना. कॉमेंट्रीत 'आर्च रायव्हल' ऐकून ऐकून बंड्या वैतागलेला. "रायव्हल म्हणजे दुश्मन. सरळ म्हणा की!"

"दुश्मन नव्हे रे," मास्तर म्हणाले, "पाटशेजारी."

झालं. मास्तरांना इंग्रजी शिकवून तीस वर्षं झाली, पण त्यांचा जीव लॅटिनमध्ये. रीवुस म्हणजे ओढा, पाट. एकाच पाटाचं पाणी घेणारे ते रिवालिस. तोच पुढे इंग्रजीत रायव्हल झाला.

"म्हणजे रिव्हर आणि रायव्हल सख्खे भाऊ!" बंड्या खूश.

"तिथंच सगळे फसतात. रिव्हर आला रीपावरून. रीपा म्हणजे काठ."

"हां, म्हणजे आमचा रायपेरियन," वकील म्हणाला. पाणीवाटपाच्या दाव्यांत हा शब्द त्याच्या रोजच्या तोंडी. "काठचे हक्कदार."

"तोच. रायव्हलचा खरा भाऊ डिराइव्ह. पाटातून पाणी काढणं."

वकिलाला हे पटलं, पण गप्प बसेल तर वकील कसला. फोनवर खुडबुड करून त्यानं मुद्दा काढलाच. पाटाच्या पाण्यावरून भांडणारे रिवालिस सापडतात उल्पियन नावाच्या रोमन कायदेपंडिताकडे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात. दोघंही हक्क सांगत असतील तर दोघांनाही मनाईहुकूम मागता येतो, असं तो सांगतो. आणि प्लॉटस हा नाटककार, त्याच्या चारशे वर्षं आधीचा, हाच शब्द एका बाईमागे लागलेल्या दोघांसाठी वापरतो. "मग मास्तर, आधी पाट की आधी बाई?"

मास्तर क्षणभर अडखळले. "अरे, लिहिलेलं आधी सापडलं म्हणून ते आधी जन्मलं असं होतं का? शब्दाच्या पोटातच ओढा आहे. बाईवरून भांडणाऱ्यांना ओढ्याचं नाव उगाच कोण देईल?"

मला मास्तरांचं पटलं. वकिलाला अजून पटलेलं नाही.

"मग दुश्मनी कुठं गेली?" बंड्या.

"शेक्सपिअरच्या वेळी तर हा शब्द दोस्तालाही चालायचा. हॅम्लेटच्या पहिल्याच प्रवेशात पहारेकरी बर्नार्डो आपल्या जोडीदारांना 'रायव्हल्स' म्हणतो. १६०३च्या प्रतीत त्याच जागी 'पार्टनर्स' आहे."

बंड्या तरी हटेना. "बरं, पण भारत-पाकिस्तानात कुठला आलाय पाट?"

"सिंधू!" वकील ओरडला. "१९६०चा करार विसरलास?" त्यावर एवढा हशा झाला की टपरीवाल्यानं न सांगता चहा पाठवला.

आम्ही तरी लॅटिनला कशाला नावं ठेवावीत म्हणा. पाणिनीनं 'भ्रातृव्य' हा शब्द दोन लागोपाठच्या सूत्रांत घडवलाय. एकात अर्थ भावाचा मुलगा, दुसऱ्यात चक्क शत्रू. आणि त्या शत्रूसाठी सूत्रात शब्द कुठला, तर 'सपत्न'. तो सवतीवरून, सपत्नीवरून आलेला. रोमनांनी वैरी शोधला बांधावर, आपण घरातच. मी हे सांगितलं तेव्हा आबा पहिल्यांदा हसले. तोवर ते नुसते बिडी ओढत होते.

आबांची विहीर चुलतभावाबरोबर सामाईक. सातबाऱ्यावर दोघांची नावं, एक दिवस ह्याची पाळी, एक दिवस त्याची. दोघांत बोलणं बंद होऊन आठ वर्षं झाली.

"शत्रू असता तर बरं झालं असतं," आबा म्हणाले. "शत्रूची मोटर जळली तर आपण झोपून राहतो. ह्याची जळली की विहीर माझीबी बंद. मिस्त्री मलाच आणावा लागतो."

"मग बोलता कसे?"

"पोरगं निरोप्या." त्यांनी घड्याळ बघितलं. बारा वाजता लाईट येणार होती, आज पाळी त्यांची होती. "चला, दारं धरायला जातो. त्यो बसला असंल बांधावर, मी दहा मिनटं जास्त घेतोय का बघत."