‘एक जुना वाचक’ यांना उत्तर: त्या पोरांना आणलं कोणी, ते आधी बोलू

नमस्कार,

मागच्या लेखाखाली ‘एक जुना वाचक’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया आली त्याच रात्री मी वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण रागात लिहिलं गेलं असतं. राग अजूनही आहे, पण आता निदान वाक्यं सरळ येतील.

ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन कॉलेजांतल्या बास्केटबॉल आणि फुटबॉलमध्ये अभ्यासाच्या नावाखाली जो खोटेपणा चालतो, तो प्रवेशाची अट कडक करून थांबत नाही, असं मी लिहिलं होतं. खेळाडू आत आल्यावर विद्यापीठ त्याच्याशी कसं वागतं, खरं तपासायचं ते तिथे, हा माझा मुद्दा. मी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या, म्हणजे चॅपल हिलच्या, बास्केटबॉल संघाची चाहती आहे हेही त्यात उघड सांगितलं होतं.

त्यावर तुम्ही बरंच काही म्हणालात. प्रशिक्षकांचे पगार किळसवाणे आहेत. खेळाडूंना आता राजरोस पैसे मिळतात, मग त्यांना विद्यार्थी कशाला म्हणायचं? नावापुरत्या वर्गांच्या प्रकरणानंतर चॅपल हिलने विजेतेपदाचे बॅनर उतरवायला हवे होते. अट वाढवा, सगळं आपोआप साफ होईल. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य: “ताई, लिहिता-वाचता न येणारी पोरं विद्यापीठात आणून नाचवतात आणि तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या बायका टाळ्या वाजवतात, याचीच लाज वाटते.”

बाकीच्याकडे येते, पण आधी हे वाक्य.

‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि वाक्य संपेपर्यंत त्याच ताईची लाज काढायची, ही रीत मला पसंत नाही. माझा मुद्दा चुकीचा वाटला तर तसं सांगा, कुठे चुकला ते दाखवा, मी ऐकून घेईन. ‘बायका टाळ्या वाजवतात’ यात मुद्दा कुठला आहे? हेच सामने बघणारे, हेच हिशेब मांडणारे कितीतरी पुरुष मराठीत लिहितात. त्यांना कोणी त्यांच्या शिक्षणाची आठवण करून देत नाही. मला मात्र ती दरवेळी करून दिली जाते.

आता त्या पोरांबद्दल. ती पोरं कोणीतरी ‘आणली’ हे तुम्हीच लिहिलंत. आणणाऱ्यांबद्दल मात्र पुढे एक अक्षर नाही. सगळा तिरस्कार पोरांच्या वाटणीला.

तुमच्या मनात कदाचित डेक्स्टर मॅनली असेल. ओक्लाहोमा स्टेटमध्ये चार वर्षं फुटबॉल खेळून पुढे वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघात गाजलेला हा माणूस. १९८९ मध्ये त्याने अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर कबूल केलं की कॉलेजात असताना आपल्याला वाचता येत नव्हतं. मोठेपणी तो वाचायला शिकला. पण म्हणजे तो शिकू शकत होता! शाळेपासून कॉलेजपर्यंत दरवर्षी कोणीतरी त्याला पुढे ढकललं, कारण शनिवारच्या सामन्यात त्याची मैदानावर गरज होती. त्या ढकलणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? मॅनलीचं नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे.

जॉर्जिया विद्यापीठात जॅन केम्प नावाच्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. खेळाडूंना वेगळी मोजपट्टी लावून पास केलं जातं याविरुद्ध त्या बोलल्या आणि त्यांची नोकरी गेली. १९८६ मध्ये त्यांनी खटला जिंकला. त्यांचं म्हणणं काय होतं? या मुलांना शिकवलं जात नाही, वापरलं जातं. ‘ही पोरं इथे नकोत’ असं त्या म्हणत नव्हत्या. मिनेसोटात १९९९ मध्ये उघड झालं की विद्यापीठाच्याच एका कर्मचारी बाईंनी काही वर्षांत बास्केटबॉलपटूंसाठी चारशेच्या आसपास निबंध आणि गृहपाठ लिहून दिले होते. १९९७ मध्ये संघ अंतिम चारांत पोचला होता, तो सगळा हंगाम नोंदींतून पुसला गेला. निबंध लिहिणारी व्यक्ती विद्यापीठाच्या पगारावर होती, पोरांच्या नव्हे.

आणि ‘लिहिता-वाचता न येणारी पोरं’ हे तुम्ही सरसकट सगळ्यांना म्हटलंत. चॅपल हिलमध्ये शिष्यवृत्तीवर आलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू चार्ली स्कॉट १९६६ मध्ये आला, तेव्हा तो आपल्या शाळेत वर्गात पहिला होता. फ्लोरिडा स्टेटचा मायरन रोल फुटबॉल खेळता खेळता ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेला आणि पुढे मेंदूचा शल्यविशारद झाला. ही दोन उदाहरणं अपवाद आहेत असं तुम्ही म्हणाल. मग मॅनली नियम कसा झाला?

आता अट. तुम्हाला वाटतं तशी अट वाढवून झाली आहे. एनसीएएने, म्हणजे कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, १९८३ मध्ये ‘प्रपोझिशन ४८’ मंजूर केलं आणि १९८६ पासून लागू केलं: शाळेतल्या ११ मुख्य विषयांत (४ पैकी) २.० सरासरी आणि एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत किमान ७०० गुण, नाहीतर पहिलं वर्ष मैदानाबाहेर. कोणाला बसला फटका? बहुतेक कृष्णवर्णीय मुलांना, आणि त्यांतही गरीब शाळांतून आलेल्यांना. १९८९ मध्ये ‘प्रपोझिशन ४२’ आणून अशा मुलांची पहिल्या वर्षाची शिष्यवृत्तीही काढायचं ठरलं, तेव्हा जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन बॉस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू होण्याआधी निषेध म्हणून सगळ्या प्रेक्षकांसमोर मैदान सोडून निघून गेले. पुढच्याच वर्षी तो नियम सौम्य करावा लागला.

इथे तुमच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते. कडक अटीच्या बाजूने कृष्णवर्णीय टेनिसपटू आर्थर ॲशसारखा माणूस उभा होता. कमी अपेक्षा ठेवली तर मुलं तेवढंच करतील, असं त्यांना वाटे. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण ॲश त्या मुलांची बाजू घेऊन बोलत होते. तुम्ही त्यांना नाचणारी पोरं म्हणता. दोघांची मागणी एक असेल, बोलणं एक नाही.

आणि एवढी अट आणूनही झालं काय? मिनेसोटाचे ते निबंध प्रपोझिशन ४८ नंतरचे आहेत. चॅपल हिलचं प्रकरणही त्यानंतरचंच. अट दारात होती, गडबड आत झाली. जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने एसएटी आणि तशाच एसीटी परीक्षेच्या गुणांची अट कायमची काढून टाकली. आता १६ मुख्य विषय आणि त्यांत २.३ सरासरी एवढं लागतं. ती अट काढल्यामुळे आभाळ कोसळलं नाही.

हे मी पुस्तकं चाळून लिहिते आहे असं तुम्हाला वाटत असेल तर थोडं स्वतःबद्दल सांगते. मी सांगली जिल्ह्यातल्या शाळेत खो-खो खेळले आणि अकरावीला क्रीडा कोट्यातून मोठ्या कॉलेजात आले. पहिल्याच आठवड्यात एका सरांनी विचारलं, “खेळातून आलेली का? मग मागे बस.” वर्षभर मी मागे बसले. स्पर्धेला गेल्यामुळे बुडालेली प्रॅक्टिकल्स परत घ्यायला कोणी तयार नव्हतं, पण संघ जिंकून आला की सत्काराच्या फोटोत सगळे उभे. जर्नलवर सही मागायला गेलं की ‘तुमचं काय, तुम्हाला क्रीडा गुण आहेतच’ हे ऐकावं लागे. गणित मला येत होतं. संख्याशास्त्र घेऊन मी पुढे गेले, इथे अमेरिकेत येऊन एमएस केलं. तेव्हा ‘लिहिता-वाचता न येणारी पोरं’ हे वाक्य मला नवीन नाही. सांगलीहून आलेल्या पोरीबद्दल ते माझ्या कानांनी ऐकलंय.

एमएस करताना एका विद्यापीठात (नाव घेणार नाही) खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवायचं काम माझ्याकडे होतं. फुटबॉलमधला एक मुलगा पहाटेचा वजनं उचलण्याचा सराव आटोपून यायचा, डोळे तारवटलेले. विचरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, काढताना ‘एन’ने (आकड्यांच्या संख्येने) न भागता ‘एन वजा एक’ने का भागायचं, हे वर्गात कोणी विचारलं नाही, ते त्याने विचारलं. पटेपर्यंत सोडलं नाही. त्याला सिव्हिल इंजिनियरिंग करायचं होतं. भरतीच्या वेळी प्रशिक्षक घरी आले तेव्हा आईसमोर बसून ‘का नाही, जरूर’ म्हणाले होते. प्रत्यक्षात लॅब दुपारी आणि सरावही दुपारी. सल्लागाराने त्याला सांगितलं, हा विषय तुझ्या वेळापत्रकात बसत नाही. त्याला अशा विषयाकडे वळवलं जिथे संघातली निम्मी मुलं आधीच होती. त्याची एसएटी तुमच्या कुठल्याही अटीत बसली असती. अडवलं ते वेळापत्रकाने, आणि ते वेळापत्रक अठरा वर्षांच्या मुलाने आखलेलं नव्हतं.

हा माझा पुरावा. तुमचा काय आहे? तुमच्या प्रतिक्रियेत मला एकाही खेळाडूशी झालेलं एकही बोलणं दिसलं नाही.

आता बाकीचं. पगारांबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि हे मी मनापासून म्हणते. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा काम न करण्याबद्दल साडेसात कोटी डॉलरच्या वर द्यायचं कबूल केलेलं होतं. याचं समर्थन मी करूच शकत नाही आणि कधी केलेलंही नाही.

खेळाडूंच्या पैशांबद्दल: २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘अल्स्टन’ खटल्यात एनसीएएच्या विरोधात, खेळाडूंच्या बाजूने ९ विरुद्ध ० असा निकाल दिला आणि त्याच जुलैपासून मुलांना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येऊ लागलं. जून २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. प्रशिक्षकाला कोट्यवधी मिळतात तेव्हा ‘किळसवाणं’ आणि मुलाला चार पैसे मिळाले तर तो विद्यार्थीच नाही, हा न्याय मला कळत नाही. सोडून देते.

बॅनर. या विषयावर लोकांनी हजारदा लिहून झालंय. १९९३ ते २०११ या काळात चॅपल हिलमध्ये नावापुरते वर्ग चालले, ३,१०० हून अधिक विद्यार्थी त्यांत होते, हे २०१४ च्या वेन्स्टीन अहवालात, म्हणजे विद्यापीठानेच करवलेल्या चौकशीच्या अहवालात, आहे आणि मी ते कधी नाकारलं नाही. त्यांतले निम्म्याहून जास्त खेळाडू नव्हते, हेही त्याच अहवालात आहे. वर्ग सगळ्यांना खुले होते म्हणून आमचे नियम मोडले असं म्हणता येत नाही, असं एनसीएएने २०१७ मध्ये सांगितलं. बॅनर राहिले. २००५ ची अंतिम लढत जिंकणाऱ्या मुलांनी मैदानावर काय केलं ते आम्ही पाहिलंय. तुम्हाला पटत नसेल तर नका पटवून घेऊ.

तुम्हाला अट कडक करायचीच असेल तर ती विद्यापीठांवर करा, मी तुमच्यासोबत आहे. खेळाडू टिकतात का, पास होतात का, यावर संघाला गुण देण्याची पद्धत आहे आणि ९३० च्या खाली गेलं की शिक्षा. त्याच नियमाखाली कनेटिकटचा बास्केटबॉल संघ २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. पुढच्याच वर्षी तो संघ विजेता झाला, आणि त्यांचा शबाझ नेपियर पत्रकारांना सांगत होता की काही रात्री आपण उपाशी झोपतो. विजेत्या संघाचा कर्णधार! त्यानंतर कुठे खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठली. मग ‘लाज वाटते’ हे कोणाबद्दल लिहायला हवं होतं?

१९७३ मध्ये एनसीएएने चार वर्षांची शिष्यवृत्ती एकेका वर्षाची केली, म्हणजे मुलगा जखमी झाला किंवा प्रशिक्षकाच्या मनातून उतरला की नूतनीकरण करायचं नाही, मोकळं व्हायचं. जवळजवळ चाळीस वर्षं हे चाललं. २०१२ पासून जास्त वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली. ऑगस्ट २०२४ पासून वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांवर, पूर्ण शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूला पुढच्या दहा वर्षांत परत येऊन पदवी पुरी करायची असेल तर त्याचा खर्च देण्याचं बंधन आहे. मी ज्याला शिकवलं त्या मुलाच्या वेळी हे नव्हतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर नाव लिहून लिहा, ‘ताई’ नको, आणि पोरांच्या वाचण्याबद्दल लिहिण्याआधी त्या १९७३ च्या नियमाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते लिहा.