कुर्डुवाडी स्टेशनबद्दल फिरणाऱ्या मेसेजविषयी खुलासा

"कुर्डुवाडी स्टेशन 1897 साली बार्शी लाइटसाठी उभारलं आणि ही देशातली पहिली नॅरोगेज रेल्वे" असा मेसेज सध्या सोलापूर-बार्शीकडच्या बऱ्याच ग्रुपवर दिसतोय. 1897 हे साल खरं आहे, पण ते स्टेशनचं नाही, छोट्या गाडीचं, म्हणजे बार्शी लाइट या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेचं.

जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला या रेल्वे कंपनीची) पुण्याकडून येणारी मोठी लाइन 1860 मध्येच सोलापूरला पोचली होती. तिच्यावरच्या या स्टेशनला तेव्हा 'बार्शी रोड' म्हणत, कारण बार्शीला जायला इथे उतरून पुढे गाडीरस्ता धरावा लागे. 1884 च्या सोलापूर जिल्हा गॅझेटिअरमध्ये बार्शी रोड आहे, म्हणजे छोटी गाडी सुरू होण्याच्या तेरा वर्षं आधी. छोटी लाइन त्याला नंतर येऊन मिळाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेली.

'देशातली पहिली' हेही बरोबर नाही. बडोदा संस्थानात डभोई-मियागाम ही अडीच फुटी (दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली) नॅरोगेज लाइन 1862 मध्येच सुरू झाली होती, तीही बैलांनी ओढलेल्या डब्यांवर! बार्शी लाइटचं खरं वैशिष्ट्य वेगळंच, आणि माझ्या मते जास्त अभिमानाचं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने इंजिन असो वा डबा, प्रत्येक आसावरचा (चाकांच्या जोडीमधल्या दांड्यावरचा) भार पाच टनांच्या आत ठेवला, त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता आला.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.