‘जागा आतच भरतात’ हे अर्धंच खरं आहे

निकाल लागले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. ८० टक्के जागांची जाहिरातच येत नाही, त्या आतल्या ओळखीने भरतात. ऑनलाइन टाकलेले ७५ टक्के बायोडाटे मशीनच फेकून देतं. अनुभवाशिवाय कोणी घेत नाही आणि घेतल्याशिवाय अनुभव मिळत नाही. स्वतःहून विचारायला गेलात तर किंमत जाते, पगार पाडतात. शेवटी सल्ला: रोज शंभर अर्ज टाका, बाकी नशीब. (मशीन फेकूनच देणार असेल तर शंभर टाकायचे कशाला, हे त्यात नसतं.)

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात आहे. डिप्लोमावाल्यांच्या मुलाखतींना बसावं लागतं, म्हणून हे लिहितोय.

मशीनचा मुद्दा आधी उरकू. ७५ टक्क्यांचा माग काढत गेलं तर आपण अमेरिकेत पोचतो. बायोडाटा सुधारून देण्याची सेवा विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रचारातला तो आकडा आहे. त्यामागे प्रसिद्ध झालेला अभ्यास नाही आणि ती कंपनीही २०१३ मध्ये बंद पडली. सॉफ्टवेअर अर्ज साठवतं, शोधून देतं, पदवी किंवा ठिकाण जुळत नसेल तर बाजूला काढतं. बाकीचे अर्ज पडून राहतात, कारण एचआरमधली व्यक्ती पहिले काही वाचते आणि त्यातच तिला हवी तेवढी नावं मिळतात.

आता ते ८० टक्के. या आकड्यालाही धड आधार सापडत नाही, पण त्यामागची गोष्ट अगदीच खोटी नाही. आमच्याकडे कोणी राजीनामा दिला की जाहिरात दुसऱ्या दिवशी निघत नाही. आधी सुपरवायझर शिफ्टमध्ये विचारतो, ‘कोणी आहे का रे ओळखीत?’ नाव मिळालं तर जाहिरात निघतच नाही. मेसेजवाला चुकतो तो पुढे, ही ओळख म्हणजे मामा-काकाच असायला हवा असं धरून चालतो तिथे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या २८२ जणांची माहिती गोळा केली. ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. पण ज्याच्याकडून खबर आली तो माणूस नेहमी भेटणारा होता का? असं सांगणारे सहातले एकच. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याने दिली होती. शिवाय पाचवा हिस्सा लोकांनी कोणाचीही ओळख नसताना थेट कंपनीकडे अर्ज केला होता. जाहिराती आणि एजन्सी मिळूनही जवळपास तेवढेच. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरचा अभ्यास आला, त्यातही घट्ट नात्यांपेक्षा मध्यम ओळखी नोकरीला जास्त उपयोगी पडल्याचं दिसलं.

आपल्याकडे ओळख गाव आणि जात बघूनही चालते, हे मी नाकारणार नाही. नांदेडहून एकटी पुण्यात आलेल्या मुलीसाठी शिफ्टमध्ये कोणी नाव सुचवत नाही. पण तिच्याच कॉलेजची दोन वर्षं पुढची मुलं चाकण-रांजणगावात असतातच. त्यांना विचारायचं, तेही जागा निघण्याआधी.

कसं विचारायचं, हे अनुभवाच्या मुद्द्याशी जोडलेलं आहे. मुलाखतीत ‘सेव्हन क्यूसी टूल्स’ (दर्जा राखण्याच्या सात ठरलेल्या पद्धती) प्रत्येकजण घडाघडा म्हणून दाखवतो. वर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्या मापकावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारला की निम्मे गप्प. अशा वेळी कोणी कॉलेजच्या लेथवर (धातू फिरवून कापणारं, म्हणजे टर्निंगचं मशीन) एकाच मापाचे ३० पीस काढून, मायक्रोमीटरने मोजून, एक्सेलमध्ये सीपी-सीपीके (पीस ठरलेल्या मापात किती नेमके बसतात ते सांगणारे आकडे) काढून आणला तर आम्ही खुर्ची पुढे ओढतो. सीपीके बहुधा वाईटच येतो, कॉलेजचे लेथ तसेच असतात. तो का वाईट आला हे त्याने सांगितलं की आम्हाला हवं ते कळतं. असा अनुभव कोणी नोकरी देईपर्यंत थांबत नाही, एका शनिवारात होतो.

हीच फाइल मग क्वालिटी हेडला पाठवायची. ‘सर, तुमच्याकडे टर्निंगचे पार्ट होतात असं वेबसाइटवर दिसलं. ३० पीसचा अभ्यास जोडलाय. कुठे चुकलंय ते सांगाल का?’ एवढंच. नोकरीचा शब्द नको. सगळे उत्तर देणार नाहीत, पण देणाऱ्याला तुमचं नाव आणि काम दोन्ही लक्षात राहतं. गेटवर वॉचमनकडे दिलेला बायोडाटा मात्र ड्रॉवरमध्येच राहतो, तो हेलपाटा वाचवा.

दुसरी वाट अ‍ॅप्रेंटिसशिपची. १९६१ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे लागतात, म्हणजे दारं आहेत. काही ठिकाणी शिकाऊ म्हणजे स्वस्तातला हेल्पर, हेही खरं. म्हणून आधीच विचारून घ्या, कुठल्या मशीनवर बसवणार आणि मागच्या वर्षीच्या मुलांपैकी कितीजण ठेवून घेतले.

किंमत कमी होते म्हणे! नव्या मुलाचा पगार कंपनीच्या ठरलेल्या पट्टीत बसतो. तुम्ही मेल केला की पोर्टलवरून आलात, याने पट्टी हलत नाही. पगार पडतो तो ‘सर, काहीही चालेल’ या वाक्याने, आणि ते वाक्य शंभर ठिकाणी अर्ज करून दमलेला मुलगाच जास्त बोलतो.

हे सगळं खासगी कारखान्यांपुरतं. सरळसेवा किंवा एमपीएससीची जागा परीक्षेनेच भरते, तिथे साहेबाला मेल करून काही होत नाही. आणि सरकारी असो की खासगी, ‘आत लावून देतो’ म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला फाइलही पाठवू नका.