नुसती वरून गॅस टेस्ट पुरत नाही
बंद टाकीत उतरण्याबद्दलच्या लेखात आधी गॅस टेस्ट करूनच उतरा म्हटलंय ते अगदी बरोबर, पण मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरून भागत नाही हो. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, म्हणून मीटरची नळी आत सोडून वर, मध्ये, खाली तिन्हीकडे मोजायचं आणि माणूस आत असेपर्यंत मोजत राहायचं, कारण गाळ ढवळला की अडकलेला गॅस सुटतो. वास येत नाही म्हणजे गॅस गेला हे तर डोक्यातून काढाच, हा गॅस वाढला की नाकाला वास कळेनासाच होतो! ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर उतरू नका. आमच्या बडोद्याजवळ नंदेसरीला केमिकलवाले भरपूर, अशा कामात नायट्रोजन भरलेली व्हेसल (बंद टाकी) असते, नायट्रोजनला ना रंग ना वास, आत ऑक्सिजनच नसल्याने माणूस एक-दोन श्वासात कोसळू शकतो.
आणि एक पडला की दुसरा काढायला धावतो, मग तिसरा, असेच जीव जातात. बाहेरच्याने आत उडी मारायची नाही, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि ट्रायपॉडने (तोंडावर उभी केलेली तिपाई) वर ओढायचं, ती तयारी उतरायच्या आधीच हवी. कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांना हे गुजराती-हिंदीत नीट समजावून सांगा, इंग्रजी परमिटवर (कामाच्या परवानगीच्या कागदावर) नुसता अंगठा घेऊ नका प्लीज.