सम येईपर्यंत

परवा एका संगीतसभेत एका कोवळ्या स्वयंसेवकाने "काका, जरा हळू, लोक गाणं ऐकायला आलेत," असे मला भर मांडवात बजावले. तो घास अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही, कारण मी बोलत नव्हतो. मी केवळ उत्तर देत होतो.

प्रश्न विचारणारे गृहस्थ माझ्या डावीकडच्या खुर्चीत होते. वयाने माझ्याएवढेच, तरी मला 'काका' म्हणणारे. गायिकेने यमनचा बडा ख्याल विलंबित एकतालात मांडला होता आणि मन जरा कुठे स्थिरावत होते, तोच त्यांनी मनगटावरचे घड्याळ माझ्या नाकापुढे धरले.

"एका फेरीला बावन्न सेकंद लागताहेत, काका."

समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, पुन्हा समेवर येणाऱ्या बारा मात्रांच्या आवर्तनाला विलंबितात, म्हणजे संथ लयीत, एवढा वेळ लागायचाच, असे मी हातानेच सुचवले.

"पण ओळ मघापासून तीच आहे. पुढची आठवत नाहीये का त्यांना?"

मी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांना त्यांनी सांगितले की, ते प्रवचनेसुद्धा मोबाइलवर दीडपट वेगाने ऐकतात. अर्थ तोच राहतो आणि वेळ वाचतो. वाचलेल्या वेळाचे काय करता, असे मी नजरेनेच विचारले असावे, कारण ते लगेच म्हणाले, "आणखी एक प्रवचन होतं ना!" मग त्यांनी मोबाइल उंच धरून चित्रण सुरू केले आणि त्याआडून विचारले, "हे फास्ट कधी होणार?" तेव्हा "छोटा ख्याल द्रुत तीनतालात येईल" हे पाच शब्द मी कुजबुजलो, आणि नेमका त्याच क्षणी तो स्वयंसेवक प्रकटला. गृहस्थ तोंडावर बोट ठेवून माझ्याकडेच पाहत होते.

घाई आजची नाही, हे मलाही कळते. १९०२ साली गायिका गौहर जान यांनी ध्वनिमुद्रणे केली तेव्हा त्यांना सारे गाणे तीनेक मिनिटांच्या तबकडीत कोंबावे लागले, आणि त्यातूनही शेवटी स्वतःचे नाव सांगायला त्यांनी जागा काढली. पण ती अडचण यंत्राची होती. तबकडी संपली तरी रात्रभराच्या मैफली शिल्लक होत्या. आता २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्या मांडवातला ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतो, त्यामुळे दरबारी आणि मालकंस या रात्री उशिराच्या रागांनी तिथे नेमके कधी यावे, हे त्यांनीच ठरवायचे आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, मलाही झोप लागते. तक्रार आहे ती दीपप्रज्वलन, प्रायोजकांना शाल-श्रीफळ आणि त्या प्रायोजकांची दोन शब्द म्हणून झालेली दोन हजार शब्दांची भाषणे, यांत गेलेल्या पाऊण तासाची. त्या पाऊण तासात एकानेही घड्याळ पाहिले नाही. 'आवरते घ्यावे' ही चिठ्ठी गेली ती गायिकेकडे. तिने पावणेदहाला भैरवी सुरू केली तेव्हा शेजारचे गृहस्थ गाडी काढायला केव्हाच गेले होते.

काल भाच्याने एक चित्रफीत पाठवली. "मामा, तुम्ही व्हायरल!" मागे अस्पष्ट गायिका, पुढे माझे हलणारे ओठ, आणि खाली मथळा: 'असे श्रोते नकोत'. चित्रफीत तीस सेकंदांची आहे. संपली की ती आपोआप पुन्हा सुरू होते. मी ती अकरा वेळा पाहिली. सम एकदाही आली नाही.