सही केली म्हणजे झालं का?

नमस्कार निपाणीकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, कबूल करतो. तुमचं म्हणणं असं, की घरात सामान साठवत राहणाऱ्या माणसांवरचे अमेरिकी रिअ‍ॅलिटी शो मी उगाच झोडपले. ती माणसं स्वतः सही करून येतात, घर फुकटात साफ होतं, वर समुपदेशनाचा खर्चही मिळतो. आणि आत्याच्या स्वयंपाकघराचा फोटो टाकून मी तरी वेगळं काय केलं?

आधी सहीचं. 'होर्डर्स' हा त्यातलाच एक शो, 2009 साली सुरू झाला. त्यात येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मागे काही ना काही लागलेलं असतं. कुणाला घर रिकामं करायची नोटीस, कुणाला पोरं काढून नेतील ही भीती. अशा वेळी कॅमेरेवाला मदत घेऊन दारात आला तर माणूस कशावरही सही करेल. आपल्याकडे सावकाराच्या कागदावर उठलेले अंगठे तरी सगळे कुठं हात धरून उठवले होते?

राहिलं साफसफाईचं. तिथं दोन-तीन दिवसांत ट्रक भरतात, कारण शूटिंगच तेवढं असतं. सामान साठवत राहणं हा आळस नव्हे, आजार आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत 2013 पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. वस्तू टाकायची म्हटलं की जीव कासावीस होतो. उपचारात एकेक वस्तू हातात घेऊन ठेवायची की टाकायची हे ठरवायला शिकवतात, त्याला महिने लागतात. महिने टीव्हीवर दाखवता येत नाहीत. रडणारी बाई आणि मेलेला उंदीर दाखवता येतो.

आमच्या वडगावात हेच कॅमेऱ्याशिवाय झालं. आत्याला पंढरपूरला पाठवून आतेभावांनी दोन टेम्पो भंगारात घातले. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, साड्यांचे रिकामे खोके, आढ्यापर्यंत रद्दी. परत आल्यावर ती ओरडली नाही, रडली नाही. सोप्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "कांड्यांचा डबा कुठाय रे?" आतोबांचा माग बंद पडला तेव्हाच्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या, डालड्याच्या डब्यात ठेवलेल्या. डबा किलोवर गेला होता. दिवाळीपर्यंत सोपा पुन्हा भरला, आणि आता ती आतल्या खोलीला कुलूप घालते. किल्ली कनवटीला.

आता फोटोचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णालयात उपचार घेणाऱ्या मनोरुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आत्या उपचार घेतच नाही. धारवाडला दाखवून येऊ म्हटलं की "मी वेडी काय रे?" म्हणून विषय संपवते. म्हणजे कायद्याच्या कचाट्यात मी सापडायचा नाही, पण तुमच्या कचाट्यात सापडलो. फोटो काढून टाकलाय.

शनिवारी जाऊन तिला सगळं सांगितलं. सुनेनं मोबाईलवर आधीच दाखवलं होतं. म्हणाली, "आधी बोलला असतास तर भांडी तरी घासून ठेवली असती." ढिगांबद्दल एक शब्द नाही.

आणि निपाणीकर, मी आधी विचारलं असतं तर ती हो म्हणालीच असती. भावाच्या पोराला ती कशालाच नाही म्हणत नाही.