शिफ्टर रोमान्स: अल्फा लांडगा पुरे झाला, येऊरचा बिबट्या लिहा

मोबाइलवर मराठी धारावाहिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांमध्ये सध्या रूप बदलणाऱ्या नायकांची, म्हणजे शिफ्टरांची, चलती आहे. दिवसा आयटीत नोकरी, रात्री लांडगा. नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला हा प्रकार मनापासून आवडतो. तो वाचकाला का धरून ठेवतो हे समजलं की कुठे फसतो तेही समजतं, म्हणून हे लिहितेय.

प्रेमकथेतला सगळा ताण एकाच प्रश्नावर उभा असतो: समोरच्याच्या मनात खरंच काय आहे? साध्या कादंबरीत तो ताण गैरसमज आणि न वाचलेले मेसेज यांवर ओढत न्यावा लागतो. शिफ्टर कथेत नायकाला दोन देह असतात आणि त्यातल्या एकाला खोटं बोलता येत नाही. तोंडाने तो म्हणतो, ‘तू आलीस काय, गेलीस काय, मला फरक पडत नाही.’ पण जिन्यात तिची चाहूल लागताच त्याच्या आतलं जनावर उठून बसलेलं असतं. वाचकाला ते कळतं, तिला कळत नाही, आणि तिला कधी कळणार या ओढीने आपण रात्री 1 वाजेपर्यंत पुढचा भाग उघडत राहतो. शिवाय इथलं गुपित जिवावरचं असतं. ते सांगणं म्हणजे स्वतःचा जीव दुसऱ्याच्या हाती देणं.

हे परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी आपलं घर आधी बघावं. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली उर्वशी पुरूरवा राजाकडे अट घालून राहते, अट मोडताच निघून जाते, आणि पुढे त्याला तळ्यात पाणपक्ष्यांचं रूप घेतलेल्या अप्सरांमध्ये भेटते. महाभारतातले किंदम ऋषी पत्नीसह हरणाच्या रूपात रमलेले असताना पांडूचा बाण त्यांना लागतो. हिडिंबा देखणं रूप घेऊन भीमासमोर येते. अट, गुपित, देहाचा धोका, सगळं तिथे आहे.

आता तक्रार. आपल्याकडचे बहुतेक लेखक अल्फा लांडगा, म्हणजे कळपावर हुकूमत गाजवणारा नर, जसाच्या तसा उचलतात. अल्फाची कल्पना प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये मांडलेल्या बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे सगळीकडे पसरली. त्याच डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तेव्हा नायिकेचा फोन तपासणाऱ्या, तिला खोलीत कोंडणाऱ्या नायकाला ‘काय करणार, तो अल्फा आहे’ ही सबब मिळत नाही. त्यात आपला लांडगा माळरानावरचा, साधारण 20 ते 25 किलोचा. 75 किलोचा पुरुष लांडगा झाला तर उरलेले 50 किलो कुठे गेले?

हा वजनाचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण वाचकाचा विश्वास अशाच जागी सुटतो. वाघ घेतला तर उलटी अडचण: नर वाघ 200 किलोच्या आसपास, जास्तीचं मांस आणायचं कुठून? बिबट्याचा हिशेब मात्र बसतो. पूर्ण वाढलेला नर साधारण 50 ते 70 किलो, म्हणजे सडपातळ माणसाएवढाच. मादी बरीच हलकी, त्यामुळे नायिका बिबट्या होणार असेल तर तिथे वेगळा नियम करावा लागेल.

आणि बिबट्या तर आपल्या उशाशी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर, त्याची ठाण्याकडची बाजू म्हणजे येऊर. घोडबंदर रोडच्या पलीकडे खाडीला लागून उद्यानाचाच नागला ब्लॉक, मधून अहोरात्र ट्रक धावतात. त्या रस्त्यापलीकडे नायिकेचं घर असलं की रोज रात्रीचा अडथळा फुकटात मिळतो. 2019 मध्ये ठाण्यातल्या एका मॉलच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला होता, म्हणजे तो शहरात आला हे पटवण्यासाठी वेगळं कारण रचावं लागत नाही. येऊरच्या पाड्यांवर वारली वस्ती आहे आणि वारली समाज वाघोबाला देव मानतो. तिथली म्हातारी हे सगळं आधीच ओळखून असणार. फक्त तिला ‘गूढ आदिवासी’ करून ठेवू नका, तिचं नातं, तिचं शेत, तिचा राग लिहा.

बिबट्या एकटा राहतो. त्यामुळे कळप, गादी, वारसा ही सगळी भानगड गळून पडते आणि उरतो एकटेपणाची सवय असलेला जीव, ज्याला पहिल्यांदाच कुणीतरी हवंसं वाटतंय. प्रेमकथेला याहून चांगला नायक कुठला? त्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. अभ्यासक कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या) फोटोंतून बिबटे ओळखतात ते त्यावरूनच. डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षी सारखी नसते म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. नायिका हे फोटो जुळवणारी असेल तर गुपित फुटण्याची जागा तयार झाली: एका बिबट्याच्या उजव्या खांद्यावर ताजी जखम दिसते, आणि सकाळी समोर बसलेला माणूस चहाचा कप डाव्या हाताने उचलतो.

पहिला भाग लिहिण्याआधी नियम एका कागदावर उतरवा. जखम दोन्ही देहांत राहते का? रूप पालटल्यावर भूक किती लागते? कपड्यांचं काय? ते फाटत असतील तर येऊरच्या पायथ्याशी उपवन तलावाजवळ लावलेल्या स्कूटरच्या डिकीत दुसरा जोड हवा, आणि मग चावी कुठे ठेवली हेही सांगावं लागतं. पौर्णिमा वापरणार असाल तर पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, ‘मध्यरात्री उगवला’ लिहू नका. आषाढ-श्रावणात ठाण्यात तो ढगांआड असतो, तेव्हा रूप बदलतं ते चांदण्याने की तिथीने, हे आधी ठरवा. नियम एकदा मोडला की पुढचं प्रत्येक संकट खोटं वाटतं, कारण लेखक नायकाला कधीही सोडवू शकतो हे वाचकाने ओळखलेलं असतं.

‘नियतीने जोडलेली जोडी’ हा या प्रकाराचा सगळ्यात गोड आणि सगळ्यात धोक्याचा भाग. त्या बंधाने फक्त ओढ ठरवावी. होकार तिचाच राहिला पाहिजे, आणि तिने नकार दिला तर त्याची किंमत नायकाच्या देहाने मोजावी: त्याची झोप उडू दे, रूप अर्ध्यावर अडकू दे, पण तिच्यावर काहीही कोसळू नये.

40 भागांची मालिका असेल तर वाचकाला गुपित तिसऱ्या भागापर्यंत कळावं, नायिकेला पंधराव्याच्या आसपास. तिला शेवटपर्यंत अंधारात ठेवणाऱ्या कथा मधेच दम सोडतात, कारण खरी गंमत तिला कळल्यानंतर सुरू होते. त्याच्या घराची चावी आता तिच्याकडे असते, आणि वनखात्याचा पिंजरा कुठे लागलाय हेही त्याच्याआधी तिलाच माहीत असतं.